काळी कढई आणि पहिला घास

भांड्याची पुरती चौकशी केल्याशिवाय त्याला घरात न घेणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. ते म्हणजे छत्रपती संभाजीनगरातले आमचे घरमालक. लोक जावईसुद्धा इतका पारखून घेत नसतील. दुकानात गेले की भांडं उचलायचं, बोटाच्या पेरानं वाजवायचं, कानाशी न्यायचं आणि मग दारात येऊन उन्हात धरायचं. भांडं चकाकलं की त्याचं नशीब फिरलंच. "ह्ये उजेड परत फेकतंय, भाऊ. पोटात घेत नाय," असं मला सांगून ते भांडं हळूच जागेवर ठेवून देत. त्याला वाईट वाटू नये, अशा बेतानं.

या वेडामागं एक इन्फ्रारेड ओव्हन होता. मालक जन्मले मेंढपाळाच्या घरात, पण सगळी नोकरी झाली वाळूजच्या कारखान्यात, गाड्यांच्या रंगकामात. रंगवलेले पत्रे लाल दिव्यांच्या भट्टीतून भाजून निघत, ते बघण्यात त्यांची उमर गेली. निवृत्त झाल्यावर मुलानं ओट्यावर मावणारा हा ओव्हन पाठवला. घरातले सगळे त्याच्याकडे संशयानं बघत होते, पण मालकांना जुना सोबती भेटला. आत दोन नळ्या, एक वर, एक खाली. बटण फिरवलं की त्या हळूहळू लाल होत आणि मालकांची नजर कुठल्या कुठं जाई. वांगं भाजायला ठेवलं तरी ते गाडीच्या बंपरसारखं चारी अंगांनी तपासत. बायको हाका मारून दमायची, आणि हे आपले काचेसमोर स्टूल टाकून, हनुवटीवर हात ठेवून बसलेले.

दुष्काळाची वर्षं होती ती. समोरच्या ज्वारीच्या रानांत इमारतींवर इमारती चढत होत्या आणि आमच्या टाकीत खडखडाट होता. टँकर आला की बादल्या घेऊन सगळी गल्ली रस्त्यावर. त्याच उन्हाळ्यात गंगापूरकडच्या गावाहून मालकांची थोरली बहीण, आक्का, त्यांच्याकडे राहायला आली. गावची विहीर आटली होती, मेंढरं विकावी लागली होती. आईमागं आक्कानंच मालकांना वाढवलेलं. ती आली आणि तिनं जेवणच टाकलं. दोन घास खायची आणि ताट सारायची. भूक कशाची आहे म्हणून विचारलं की एवढंच म्हणायची, "विस्तवावरचा रोडगा असता तर खाल्ला असता." पण आक्काला दमा. डॉक्टरांनी धुराजवळ फिरकायचं नाही म्हणून बजावलेलं. रोडगे म्हणजे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेले कणकेचे गोळे, मग त्या गोवऱ्या पेटवायच्या कशा? दिवसेंदिवस बहीण वाळत चालली आणि मालकांच्या तोंडचं पाणी पळालं. धुराविना विस्तव आपल्या ओट्यावरच आहे, हे त्यांच्या मनानं घेतलं. राहता राहिलं भांडं.

मग प्रयोग सुरू झाले. स्टीलच्या चकचकीत डब्यात रोडगे वरून करपले, आत कच्चेच. सिटी चौकातला दुकानदार म्हणाला, "लेके जाव चाचा, इसमें सब चलता," म्हणून आणलेलं प्लॅस्टिकचं भांडं वितळून जाळीवरून लोंबायला लागलं. त्या वासानं आम्हां भाडेकरूंना गच्ची गाठावी लागली. काचेचं भांडं त्यांनी पाहिलं, पण "ह्याला घासायला लई पाणी लागंल," म्हणून परत केलं. शेवटी एके दिवशी आक्काच्या बोचक्यातून त्यांनी एक लोखंडी कढई बाहेर काढली. मेंढरांमागं रानोमाळ फिरलेली, धुरानं काळीकुट्ट झालेली. मालकीणबाई ती घासायला घेणार, तोच हे ओरडले, "हात लावू नको! तिचा काळेपणाच कामाचा हाय!"

त्या संध्याकाळी मला मुद्दाम वर बोलावलं होतं. मालकांनी जाड्या गव्हाच्या पिठात ओवा, हळद आणि तेलाचं मोहन घालून घट्ट कणीक मळली. सुपारीएवढाही फरक न ठेवता सगळे गोळे एका मापाचे केले, वरून जरा दाबले, आणि एकमेकांना चिकटणार नाहीत असे कढईत मांडले. कढई ओव्हनमध्ये सरकवली आणि अर्ध्यात रोडगे उलटवले. खिडकीबाहेर आभाळ तांबडं, आत ओव्हन तांबडा. "आक्का, मेंढरं बसली की शेकोटीचा असाच उजेड पडायचा ना गं?" मालकांनी विचारलं. आक्का पाट ओढून जवळ सरकली. रोडग्यांचा खरपूस वास घरभर पसरला.

ताट वाढलं. मालक श्वास रोखून बघत होते. आक्कानं रोडगा फोडला, एक तुकडा तुपात बुडवला, आणि कुणाला काही कळायच्या आत उठून ओव्हनचं दार उघडलं. पहिला घास चुलीला द्यायचा, ही तिची जन्माची रीत. तिनं तो वरच्या, अजून लालभडक असलेल्या नळीवरच ठेवला. चर्र झालं, काड् आवाज झाला, नळी विझली आणि धुराची एक बारीक रेघ वर गेली.

मालकीणबाईंनी कपाळावर हात मारला. आक्का मात्र समाधानानं भावाकडे फिरली. "घेतला बग विस्तवानं. आता वाढ मला, बापू."

त्या दिवशी आक्का पोटभर जेवली. तिनं मागून घेतलं, तूप ओरपलं, आणि शेवटी कढईचा काठही बोटानं पुसून काढला. मालक पाठमोरे होऊन मोडका ओव्हन पुसत राहिले, कितीतरी वेळ. त्यांचे डोळे मी पाहिले नाहीत असं मी दाखवलं.

पुढं आम्ही घर बदललं. आक्का आता नाही. समोरची ज्वारीची रानंही नाहीत. परवा गेलो तर मालकांनी रोडगे केले, त्याच कढईत. खालची एकच नळी चालते, म्हणून ते पुन्हा पुन्हा उलटवत बसतात. वरची नळी बदलून का घेत नाही, असं मी विचारलं. त्यांनी वाकून मला दाखवलं. विझलेल्या नळीवर काळा झालेला तुकडा अजून चिकटलेला होता.

"आक्काचा घास हाय तो, भाऊ," ते म्हणाले. "काढून टाकू व्हय?"

मग त्यांनी रोडगा फोडला, तुपात बुडवलेला पहिला तुकडा ओव्हनच्या दाराशी ठेवला आणि मला म्हणाले, "आता जेवा."