शेजाऱ्याचा आवाज यंत्रात गेला

२०२३ साल होतं, मला एकाहत्तरावं लागलेलं. तेरजवळच्या आमच्या गावात एका कंपनीची पोरगी आली. यंत्राला मराठी बोलायला शिकवायचं म्हणून तिला आवाज पाहिजे होता. गावात दवंडी माझी. माझी हाक ओढ्यापलीकडच्या वस्तीवर पोचते. घेतील तर माझाच आवाज, याची मला खात्री.

तिनं वाचायला कागद दिला. त्यावर 'कृपया प्रतीक्षा करा'. मी चौथीच शिकलो, पण वाचता येतं. असं कोण बोलतंय? मी 'जरा दम धरा' म्हणालो. ती म्हणाली, आहे तसंच वाचा. न्हाय वाचलं. अख्खा कागद आपल्या बोलीत दुरुस्त करून दिला.

घेतला शेजाऱ्याचा आवाज. वाळल्या कडब्यासारखा, पण त्यानं मुकाट्यानं वाचलं. कंपनीनं त्याला टोपी दिली. ती घालून तो वर्षभर बाजारात हिंडला, कुणी न विचारता सांगत सुटला. त्याच्या घरचं लग्नसुद्धा मी जेवलो न्हाय.

पुढच्या साली पावसात त्याचं सोयाबीन बुडालं. विम्याची तक्रार द्यायला फोन लावला, तर पलीकडून त्याचाच आवाज. हा सांगतोय, रानात पाणी तुंबलंय. तो म्हणतोय, 'क्षमा करा, समजलं नाही,' अन् फोन तुटतोय. मग त्यानं त्या पोरीला फोन केला. ती म्हणाली, काका, मला कामापुरतंच ठेवलं होतं, काम सरल्यावर काढलं. आवाज कुठं कुठं लावला, ते तिलाही ठाऊक नव्हतं.

संध्याकाळी तो माझ्या ओट्यावर येऊन बसला, बोडक्यानं.

"तुमी वाचलं न्हाय ते बरं केलं. माजाच आवाज, अन् मलाच वळखंना."

"मग टोपी काय फुकट देतेत व्हय?" मी म्हणालो.

बोललो ते खरंच होतं. ह्या कंपनीवाल्यांनी माणूस दारात ठेवला अन् आवाज तेवढा नेला. तरी आत माझं जळतच होतं. लोकांना टोलवायला का होईना, आवाज त्याचा लागला, माझा न्हाय.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो एसटीनं धाराशिवच्या हापिसात तक्रार द्यायला गेला. मी संगं गेलो न्हाय. ह्या माणसानं माझा बांध कोरला, पण एवढ्या वर्षांत चुकलो म्हणून तोंडातून शब्द काढला न्हाय. घरात बसून मी तो विम्याचा नंबर लावला.

'क्षमा करा,' तो म्हणाला.

मी परत लावला.