घरटी एक तिकीट

आमच्या ह्यांना शब्दांचं वेड आहे. कोणाला पत्त्यांचं असते, कोणाला तंबाखूचं, ह्यांना इंग्रजी शब्दांचं. मोतीराम सर म्हटलं की तामसीकडची दहा गावं ओळखतात. बत्तीस वर्षं मराठी शाळेत इंग्रजी शिकवलं. मला वाटलं, रिटायर झाले की सुटेल. कुठचं सुटते! उलट ते वेड शाळेतून उठून माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसलं. सकाळी चहाच्या आधी हा माणूस मला सांगते की अमुक शब्द कोणत्या देशातून निघाला अन् वाटेत कुठं कुठं मुक्काम केला. मी म्हणते, शब्द पोचला ना, आता भारत गवळ्याच्या गोठ्यावरून दूध पोचवा घरी. जातात बिचारे. पण भारतलाही तो शब्द सांगूनच येतात, अन् तोवर त्याची म्हैस आटून जाते.

एक जाडजूड डिक्शनरी आहे. तिचा पुठ्ठा केव्हाच निघाला, म्हणून माझ्या लग्नातल्या लुगड्याच्या तुकड्याचं कव्हर मीच शिवून दिलं. वर सारखी कुरकुरही मीच करते. माझा स्वभावच तसा, त्याला काय करता.

त्या डिक्शनरीतला ह्यांचा सगळ्यात लाडका शब्द म्हणजे बस. हो, आपली रोजचीच बस. हे म्हणतात, हा शब्द पूर्ण नाईच. पूर्ण शब्द ऑम्निबस, तो लॅटिनमधला, अर्थ 'सगळ्यांसाठी'. दोनशे वर्षांपूर्वी तिकडे फ्रान्समध्ये एक घोडागाडी निघाली. सावकार असो की हमाल, येईल त्यानं चढावं, म्हणून तिला हे नाव पडलं. लोकांना एवढं लांब नाव घ्यायचा कंटाळा आला. पुढचं 'सगळे' गळून गेलं अन् शेपूट तेवढं राह्यलं. हे मी इतक्यांदा ऐकलं आहे की झोपेतही सांगीन.

पण वेडामागचं कारणही मला माहीत आहे. माझे सासरे शेतमजूर. गावात पहिल्यांदा बस आली तेव्हा ते तिच्यात चढले, तर एकच जागा रिकामी होती, अन् ती चंपतराव पाटलांच्या वडिलांशेजारी. ज्या ओट्यावर पाय ठेवायची सोय नव्हती, त्या ओट्याच्या मालकाशेजारी! कंडक्टर म्हणाला, बैठो. सासरे बसले. पाटील खिडकीकडे सरकले, अजून सरकले, मग खिडकीच आली. पुढं सरकायला जागा नव्हती. आदिलाबाद येईपर्यंत दोघं तोंड मिटून बसले होते. सासरे ही गोष्ट मरेपर्यंत हसत हसत सांगायचे. पुढे ह्यांना डिक्शनरीत तो शब्द सापडला, तेव्हा हे आमच्या ओट्यावर बसून ढसाढसा रडले. मी नवी नवरी, मला वाटलं कोणी वारलं.

आता मागच्या पावसाळ्यातली गोष्ट सांगते. आमचं खैरगाव म्हणजे रस्त्याचं शेवटचं टोक. सकाळी साडेसातची एकच बस, अन् बायकांना तिकीट फुकट झाल्यापासून ती नुसती गच्च. भाजीवाल्या, दवाखान्यात जाणाऱ्या, कॉलेजच्या पोरी. त्यांच्यात माझी नात प्रगती. आईबाप बाजारहत्नूरला, पोरगी आमच्याकडे राहून आदिलाबादला बारावीचं करते. जावयानं आधीच बजावलं होतं की दाराशी बस आहे तोवर शिकवा, ऑटोत लटकून माझी पोर जाणार नाई. पोरीला नर्स व्हायचं आहे. चुलीपाशी बसून माझंच बीपी मोजते.

एका सोमवारी कंडक्टरीण भाग्यलक्ष्मी गाडीतून उतरली ती डोळे पुसतच. पोरगी निर्मलकडची, तेलुगू. तीन महिन्यांपूर्वीच ह्या रस्त्यावर आली होती, मराठी अजून शिकून राह्यली होती. ह्यांना म्हणाली, सर, पहिल्या तारखेपासून ही गाडी बंद. तुमच्या गावचे रोजचे पॅसेंजर फक्त चौदा. डेपोच्या कागदावर तसंच लिहून होतं.

हे चक्रावले. रोज प्रगतीला सोडायला स्टॉपवर जातात, पाय ठेवायला जागा नसते हे डोळ्यांनी पाहतात. चौदा कसे? संध्याकाळी प्रगतीनं, आता शिकणं सुटलं म्हणून, पुस्तकं एका पिशवीत भरून कोपऱ्यात ठेवली. मला ते पाहवेना. मी उगाच तिच्यावरच ओरडले की वाटीत भाजी काऊन टाकली.

दुसऱ्या दिवशी हे स्वतःच गाडीत चढले. मी होते, प्रगती होती. पुढच्या सीटवर रेणुकाबाई, चंपतरावांची बायको, शेजारच्या सीटवर तिची टोपली. त्या टोपलीला उठवायची हिंमत गावात कोणाची नाई. भाग्यलक्ष्मी मशीन घेऊन आली. रेणुकाबाईनं आधार कार्ड दाखवलं, झिरो तिकीट घेतलं, म्हणजे शून्य रुपयाचं; डेपोत माणसं मोजतात ती ह्याच तिकिटांवरून. मागं तिच्या दोन्ही सुना, नेहा अन् रुपा, हात पदरात घेऊन उभ्या. भाग्यलक्ष्मी वळली तशी दोघी म्हणाल्या, हो गया, हो गया. तिला वाटलं, झालं असेल. पुढच्या घरच्या बायकांचंही तसंच, एकीनं घ्यायचं अन् बाकीच्यांनी हो गया म्हणायचं.

अन् खरं सांगू? मी गाडीत असले की आमच्या घरचंही एकच तिकीट निघायचं, माझं. प्रगतीला मीच गप्प बसवत होते.

ही रीत आमी बायकांनीच ठरवली होती. ती पोरगी गर्दीत चेंगरत एकेक कार्ड पाहते, मशीन दाबून दाबून तिची बोटं दुखतात, म्हणून घरटी एक. गावात सगळं घरटी एकच असते. बंधाऱ्याच्या कामाला घरटी एक माणूस, मयतीला घरटी एक, पंगतीचं आमंत्रण आलं तर घरटी एक. तिकिटालाच काऊन जास्त? आमी तिच्यावर दया केली, अन् त्या दयेनं तिचीच गाडी बुडवून राह्यलो होतो.

हे मधल्या दांड्याला धरून उभे राह्यले. मी मनात म्हटलं, झालं, आता फ्रान्सची घोडागाडी निघणार, अन् मी खिडकीकडे तोंड केलं. पण ह्यांनी आधी चौदाचा आकडा सांगितला, तो कशामुळे आला ते सांगितलं.

रेणुकाबाईला राग आला. म्हणाली, "सर, आमी का तिचं वाईट केलं? एका घरचं एक, हे तुमच्याआमच्या आज्यापासून चालत आलं."

"चालत आलं ते घरासाठी, बाई," हे म्हणाले. "बस ह्या शब्दाचा अर्थच सगळ्यांसाठी. हिच्यात घर चढत नाई, माणूस चढते. माझा बाप हिच्यात चढला तेव्हा कंडक्टरनं कोणाच्या घरचा म्हणून नाई विचारलं. तुमच्या सासऱ्याला एक तिकीट दिलं, माझ्या बापाला एक. तेवढ्यासाठी मला हा शब्द आवडते."

एवढंच बोलून ह्यांनी आपल्या तिकिटाचे पैसे काढले. मी चाळीस वर्षं तो शब्द ऐकत होते, अन् त्या दिवशी पहिल्यांदा मला वाटलं की अजून थोडं सांगावं ह्यांनी.

सगळ्यात आधी नेहानं कार्ड पुढं केलं. सासूच्या देखत! मग रुपानं, मग मागच्या सगळ्या जणींनी. प्रगतीचं कार्ड मीच हिसकून भाग्यलक्ष्मीच्या हाती दिलं. महिना सरायला आठ दिवस बाकी होते. आठही दिवस मशीन खडखडत राह्यली अन् भाग्यलक्ष्मीची बोटं खरंच दुखली. रेणुकाबाई मात्र गाडीतच नव्हती, घरीच रुसून बसली होती. नेहा मला सांगत होती की आपलं स्वतःचं पहिलं तिकीट तिनं डब्यात जपून ठेवलं आहे, अन् दोनदा वाचून घेतलं की हे एकटीचंच आहे ना.

पहिली तारीख उजाडली. प्रगतीनं पुस्तकांची पिशवी उचलली नव्हती, मीही उचल म्हटलं नाई. साडेसातला आमी तिघं नुसतेच स्टॉपवर उभे. सात चाळीस झाले. तेवढ्यात वळणावर हॉर्न वाजला अन् प्रगती पिशवी आणायला अशी पळाली की चप्पल तिथंच राह्यली. भाग्यलक्ष्मी दारातूनच ओरडली, "सर, आता कागदावर एकेचाळीस!" हे रुमाल शोधत राह्यले, तो माझ्याकडे होता.

मी चढले. पुढच्या सीटवर रेणुकाबाई बसून होती. मला पाहिलं, अन् खिडकीकडे सरकली. मला सासऱ्यांची गोष्ट आठवली. मग तिनं टोपली उचलून मांडीवर घेतली.

"बसा ना ताराबाई," ती म्हणाली, "उभ्या काऊन?"

मी बसले. भाग्यलक्ष्मीनं दोघींकडे पाहिलं अन् तेलुगूत विचारलं, रेंडा?

"हो, दोन," रेणुकाबाई म्हणाली. "एक माझं, एक हिचं."