साबण, नुसता साबण

माझ्या बहिणीचं लग्न एका साबणामुळे मोडता मोडता राहिलं. साबण कुठला ते सांगत नाही. का सांगत नाही, ते पुढे कळेलच.

आम्ही नालासोपाऱ्यात आचोळ्याला राहतो. मी, आई आणि माझी धाकटी बहीण मनू. मनूला विरारचं स्थळ आलं. मुलगा निखिल, दिसायला नीटनेटका, बोलायला गोड. खरं तर संशय घ्यायला एवढंही पुरेसं होतं! त्यात त्याची आई म्हणाली, "आमचा निखिल मीडियात असतो."

"मीडियात म्हणजे नक्की कशात?" मी विचारलं.

"मीडियातच," असं म्हणून त्या पोह्यांकडे वळल्या.

(आमच्या घराण्यात माणूस बँकेत असतो, शाळेत असतो, फार तर हॉस्पिटलात असतो. मीडियात 'असलेलं' सात पिढ्यांत कोणी नाही!)

आईने निखिलला विचारलं, "चहा घेणार की आणखी काही?"

"थंड पेय चालेल," तो म्हणाला.

थंड पेय! जिवंत माणसाच्या तोंडून हा शब्द मी पहिल्यांदाच ऐकत होतो. नालासोपाऱ्यात माणूस एकतर 'थंडा' म्हणतो, नाहीतर सरळ बाटलीचं नाव घेतो. मी बाटली आणून ठेवली, तर या गृहस्थाने हळूच लेबल भिंतीकडे फिरवलं. मग बिस्किटांचा पुडा उलटा केला. मग आमच्या टीव्हीवरच्या कंपनीच्या नावासमोर फुलदाणी सरकवली! मनू मात्र लाजून हसत होती. तिला यात काही वावगं दिसतच नव्हतं.

पाहुणे गेले आणि आई बेसिनपाशी किंचाळली, "अरे, हे बघ!"

नव्या कोऱ्या साबणावर कोरलेलं नाव नखाने खरवडून टाकलेलं होतं.

"जो आज साबणाचं नाव पुसतो, तो उद्या आपलं नाव पुसेल!" आई म्हणाली.

"हाताला सवय असेल गं," मनू म्हणाली.

"खरवडायची? अशी सवय कोणाला असते?"

"दादा, मला मुलगा पसंत आहे. तुझ्या चौकशांपायी हे स्थळ गेलं ना, तर जन्मभर तुझ्याशी बोलणार नाही!"

मी घाबरलो. पण भावाचं कर्तव्य मोठं! उद्या जवळच्या गास गावात काम आहे, असं निखिल बोलता बोलता म्हणाला होता. दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली. ओळखू येऊ नये म्हणून सिमेंट कंपनीने फुकट वाटलेला टी-शर्ट घातला, तिचीच टोपी भुवयांपर्यंत ओढली आणि स्कूटर काढली.

गासला एका वाडीत बंगला होता. कुंपणाच्या फटीतून पाहतो तर काय, निखिल ओटीवर मांडी घालून बसलेला! समोर तेलाचे डबे, मसाल्याची पाकिटं, शांपूच्या बाटल्या. एकेकाचं लेबल सोलत होता आणि त्यावर दुसरं चिकटवत होता. नकली माल! माझा मेव्हणा होऊ घातलेला माणूस दिवसाढवळ्या नकली माल बनवत होता!

"कोन पाहिजे?" मागून वाडीवरच्या राखणदार बाईंनी विचारलं.

"गप्प! धाड आहे," मी म्हणालो आणि फाटक ढकलून आत घुसलो.

तेवढ्यात कानाला यंत्र लावलेल्या एका इसमाने माझा दंड धरला. "गिऱ्हाईक तुम्हीच ना? किती उशीर! चला!"

मी तोंड उघडायच्या आत मला बंगल्यामागे एका किराणा दुकानासमोर उभं केलं. समोर कॅमेरा. आता कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला, की हे मालिकेचं शूटिंग आहे! शहाण्या माणसाने तिथेच माफी मागून काढता पाय घेतला असता. पण कॅमेरा माझ्याकडे बघत होता हो!

"वाक्य एकच," दिग्दर्शक म्हणाला. "'एक साबण द्या.' ॲक्शन!"

मी आमच्या घरी येणाऱ्या साबणाचं नाव घेतलं.

"कट! काका, नाव नको. नुसता साबण."

"पण दुकानदार विचारेल ना, कुठला?"

"नाही विचारणार! लिहिलेलंच नाहीये!"

पुन्हा ॲक्शन, पुन्हा तेच नाव! जन्मात कधी नुसता साबण मागितलेलाच नाही, जीभ वळणार कशी? एकदा तर मी साबण टाळला आणि टूथपेस्टचं नाव घेतलं. गडबड ऐकून निखिल चिकटपट्टी घेऊन धावत आला.

"दादा? तुम्ही इथे?"

"चौकशीला," मी खरं ते बोलून टाकलं.

बिचारा मुळीच रागावला नाही. "माझं कामच आहे हे, नावं झाकायचं," तो म्हणाला. "फुकट नाव घेतलं, की पैसे भरून जाहिरात देणारी दुसरी कंपनी चिडते. आणि साबणाने हिरॉईनला पुरळ उठलं असं दाखवलं, तर साबणवाली कोर्टात जाते. म्हणून सगळं नुसतं. घरीसुद्धा हात थांबत नाहीत. तुमच्या साबणाचं मनावर घेऊ नका."

माझा जीव भांड्यात पडला. मग त्याची नजर माझ्या टी-शर्टवर गेली आणि त्याचा जीव भांड्यातून बाहेर आला. चिकटपट्टी संपत आली होती आणि सिमेंट कंपनी छातीभर पसरली होती! वर टोपी होतीच.

"असू दे," दिग्दर्शक कपाळाला हात लावून म्हणाला. "नंतर धूसर करू." शेवटी एकदाचा माझ्या तोंडून नुसता साबण निघाला.

साखरपुडा ठरला. मनू माझ्याशी बोलत राहिली. माझा भाग लागणार त्या संध्याकाळी मी सगळ्या नातेवाइकांना फोन करून टीव्हीसमोर बसवलं. विरारलाही कळवलं.

दुकान आलं. दुकानदार आला. त्याच्यासमोर माझा आवाज आला, "एक साबण द्या." पण मी? छातीवर धुरकट चौकोन, आणि टोपी भुवयांपर्यंत ओढलेली, त्यामुळे वरचा चौकोन थेट हनुवटीपर्यंत उतरलेला! बातम्यांत पोलिसांनी पकडून नेलेला आरोपी दाखवतात ना, हुबेहूब तसा.

पाचच मिनिटांत विरारहून निखिलच्या आईचा फोन आला. आईने स्पीकर लावला.

"विहीणबाई, राग मानू नका हं. आमच्या चुलत सासूबाई विचारतायत, मुलीच्या भावाचं तोंड का झाकलंय? काही केस वगैरे आहे का? तुमचा मुलगा नक्की करतो तरी काय?"

मनूने माझ्याकडे असं पाहिलं की मी सोफ्याच्या मागे सरकलो. आईने घसा खाकरला.

"तो ना," आई म्हणाली, "हल्ली मीडियात असतो."