दहा दिवस की नुसती आंघोळ

दहावीचा निकाल लागला आणि आमच्या वाडीत माझ्या मार्कांपेक्षा महाडच्या काकांचीच चर्चा जास्त झाली. काका म्हणजे वडिलांचे सख्खे भाऊ नव्हेत. आमच्याच आडनावाचे, भावकीतले, पण चार-पाच पिढ्यांमागे आमचा डोंगर उतरून महाडला जाऊन बसलेल्या घरातले. त्यांच्या वडिलांनी तिथल्या एका कॉलेजला जमीन दिली होती. जमीन देणाऱ्याच्या घरातल्या मुलांना तिथे प्रवेश मिळतोच, असं आमच्याकडे सगळे छातीठोकपणे सांगत. नियम कुणी वाचलेला नव्हता. पण छातीठोकपणे सांगायला वाचावं लागतं थोडंच!

दहावी-बारावीची पद्धत तेव्हा नुकतीच सुरू झाली होती. आमच्या आधीचे सगळे जुन्या अकरावीचे मॅट्रिक, त्यामुळे विचारायचं कुणाला हाच प्रश्न होता. पोलादपूरला हायस्कूल होतं, पण पुढे सायन्स घ्यायचं तर महाड गाठायला हवं होतं, आणि मला सायन्सच घ्यायचं होतं. वडील म्हणाले, "आपलीच माणसं हायत ती. घरची पोरगी म्हणून सांगतील, काम होईल."

मला नेमकी ‘घरची पोरगी’ या शब्दांचीच धास्ती होती. माझी थोरली चुलत बहीण दोन वर्षं त्यांच्याकडे शिकायला राहिली होती. परत आली ती उत्तम पुरणपोळ्या लाटायला शिकून आणि परीक्षेत नापास होऊन. "पुस्तक उघडलं की हाक येते गो," एवढंच ती मला म्हणाली. काका-काकू दुष्ट नव्हते. तिला पोटभर जेवायला घालत, दिवाळीला कापड घेत आणि येईल-जाईल त्याला सांगत, आम्ही हिला मुलीसारखी ठेवली आहे. तिथेच तर सगळं फसलं होतं. परक्या मुलीला भांडी घासायला सांगताना माणूस निदान एकदा विचार तरी करतो.

आम्ही महाडला त्यांच्या घरी गेलो तेव्हा काकूंनी मला आधी चहा दिला आणि मग मागची पडवी दाखवली. "इथे तुझी ट्रंक राहील," त्या म्हणाल्या. "नळाला पाणी पहाटे येतं. धाकट्यांना शाळेत सोडून तू तशीच पुढे कॉलेजला जाशील." प्रवेशाचा अजून पत्ता नव्हता, पण माझा दिवस मात्र पहाटेपासून ठरून गेला होता. वडील बाहेर काकांपाशी बसून मान डोलवत होते. मला त्या पडवीतच रडू फुटणार होतं. सीट मिळाली तर हे घर, आणि हे घर नको तर सीट नाही, असा तो हिशेब मला तरी दिसत होता. मग काका टोपी घालून निघाले आणि आम्ही त्यांच्यामागून तळ्याच्या कडेने कॉलेजला गेलो.

प्राचार्य घाटावरचे होते, नुकतेच आलेले, चेहऱ्यावरची माशी न हलणारे. काकांनी आत शिरता शिरताच सांगून टाकलं, "सर, ही आमच्या घरची पोरगी."

"बसा," प्राचार्य म्हणाले. "जूनमध्ये निम्मा तालुका जमीन देणाऱ्यांचा पुतण्या होऊन येतो. देणगीदाराच्या घरातल्या मुलांचा विचार करावा असा संस्थेचा ठराव आहे, हे खरं. पण घर कुठपर्यंत धरायचं ते ठरावात लिहिलेलं नाही. म्हणून मी आपलं एकच विचारतो. एकमेकांचं सुतक किती दिवस धरता?"

मला त्या माणसाच्या डोक्याचं कौतुक वाटलं. घरातलं माणूस गेलं की दहा दिवस, पिढ्या लांबल्या की तीन, आणि अगदीच लांबचं असलं की नुसती आंघोळ केली की सुटलो. नात्याची एवढी चोख मोजपट्टी दुसरी नाही.

वडिलांनी घसा साफ केला. "तसं म्हटलं तर… दहाच."

काकांनी गप्प बसायचं होतं. त्यांनी नुसती मान हलवली असती तरी काम झालं असतं. पण त्यांचा चेहरा लालबुंद झाला.

"दहा?" ते म्हणाले. "माझ्या वडिलांची राख थंड झाली नव्हती नि तुमच्या मांडवात वाजंत्री वाजत होती! नुसती आंघोळ केलीत तुम्ही, आंघोळ!"

यात खोटं काही नव्हतं. दोन वर्षांपूर्वी त्यांचे वडील, म्हणजे तेच जमीन देणारे आजोबा, वारले तेव्हा आमच्याकडे आत्याच्या लग्नाचा मांडव पडला होता. सुतक धरलं तर लग्न पुढे जाणार. मग वाडीतली जाणती माणसं पिढ्या मोजायला बसली, आणि त्या दिवशी मोजणाऱ्यांच्या बोटांना एक पेर जास्त फुटलं. नातं फार लांबचं निघालं. सगळ्यांनी आंघोळी केल्या आणि हळद लावायला घेतली.

"मांडव मोडायचा होता काय आमी?" वडीलही उठून उभे राहिले.

"मग आज कुठल्या तोंडाने भावकी सांगता?"

"भावकी मी नाय सांगितली. दारातून आत येताना घरची पोरगी कोण म्हणालं?"

दोघं भांडत राहिले. प्राचार्यांनी त्यांना भांडू दिलं आणि माझ्यापुढे हात केला. मी गुणपत्रिका दिली. त्यांनी ती वाचली, चष्मा काढला आणि म्हणाले, "अहो, हिला नात्याची गरजच काय? ही मार्कांवर बसते."

भांडण तिथेच थांबलं. मला हसू आवरेना. मी पदर नसताना पदर तोंडाला लावायला गेले आणि ओढणीचं टोक चावून उभी राहिले. काकाच आधी सावरले. "मी म्हटलंच होतं, हुशार आहे, आमच्या घरची—" आणि उरलेला शब्द त्यांनी गिळला. बाहेर आल्यावर ते कोर्टाच्या बाजूला काम आहे म्हणून निघून गेले. जेवायला चला म्हणाले नाहीत. कुणी जेवायला न बोलावल्याचा इतका आनंद मला पुन्हा कधी झाला नाही.

आम्ही पोलादपूरच्या एस.टी.त बसलो. आता काकांच्या घरी राहायचा प्रश्नच उरला नव्हता. मी रोज डोंगर उतरून येईन, एस.टी.चा पास काढेन, असं मी भराभर सांगत सुटले. ते हूं हूं करत राहिले. सावित्रीचा पूल गेल्यावर एकदम म्हणाले, "आंघोळीचं बोलला तो, बरंच झालं. नायतर ताईसारखी तू पण त्यांची भांडी घासत बसली असतीस."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. "तुम्हाला ठाऊक होतं?"

"मला काय डोळे नायत?"

"मग मला तिथे ठेवायला निघाला कशाला होतात?"

त्यांनी खिडकीबाहेर तोंड फिरवलं.

"मला वाटलं," ते म्हणाले, "भांडी घासल्याबिगर सीट मिळत नाय."