कुकडेश्वराच्या देवळात भेटलेली साक्ष

आपण केलेलं काम खरंच केलं होतं का, अशी शंका माणसाला स्वतःबद्दल येऊ शकते, हे मी अनुभवलं आहे. नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी जुन्नर भागातल्या एका छोट्या नगरपालिकेच्या प्रसूतिगृहात परिचारिका होते. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. तिथली माणसं अजून आहेत आणि कुणाला दोष द्यावा असं आता मनातही येत नाही.

त्या दुपारी मी ड्यूटीवर एकटीच होते. वॉर्ड रिकामा होता. एक सायकलवाला धापा टाकत आला आणि म्हणाला, "बाई, नाक्याच्या पल्याड चिंचंखाली एक बाई अडलीय, लवकर चला." मी पिशवी उचलली आणि दाराला कडी घालून धावले. रस्त्याच्या कडेला, नवऱ्याच्या अंगावर रेलून, एक कोवळी पोर कण्हत होती. दवाखान्यापर्यंत पोचणं तिला जमलं नव्हतं. मी नवऱ्याला तिच्या पाठीमागे बसवून आधार द्यायला सांगितलं. प्रत्येक बाळंतपणात मी येणाऱ्या बाळाशी बोलते, तशी तेव्हाही बोलत राहिले, "ये राजा ये, बाहेर ऊन लई छान पडलंय." मुलगा झाला, खणखणीत रडला. मी नाळ बांधली, बाळ आईच्या कुशीत दिलं आणि स्ट्रेचर आणायला दवाखान्याकडे पळाले. परत येऊन पाहते तर चिंचेखाली कुणीच नाही. कुठल्याशा टेम्पोतून ती माणसं निघून गेली होती.

इकडे माझ्या मागे पदाधिकारी पाहुण्यांना घेऊन प्रसूतिगृह पाहायला आले होते आणि दाराला कडी होती. मला नोटीस मिळाली. मी खरं ते लिहून दिलं. "कोण बाई? तिचं नाव काय? रजिस्टरला नोंद कुठंय?" असं विचारण्यात आलं. नाव विचारायला मला वेळच झाला नव्हता. माझं म्हणणं बनाव ठरलं आणि थोड्याच दिवसांत कामावरून कमी केल्याचा आदेश हातात पडला.

मी त्या बाईला शोधत फिरले; तो सायकलवालाही पुन्हा दिसला नाही. कुणी म्हणालं डिंभ्याकडची असेल, तिकडे गेले. कुणी निमगाव सावाकडे बोट दाखवलं, तिथल्या वस्त्या पालथ्या घातल्या. कुणालाच काही ठाऊक नव्हतं. नवरा म्हणाला, "सोडून दे आता. सरकारी कचेरीशी भांडून कुणाचं भलं झालंय?" मलाही तेच पटायला लागलं होतं.

आमच्या आळीत शेखचाचा राहायचे, कचेरीतून निवृत्त झालेले हेडक्लार्क. त्यांनी आदेश दोनदा वाचला आणि चष्मा काढला. म्हणाले, "बेटी, कामावरून काढायचं तर आधी रीतसर चौकशी लागते. आरोप काय ते सांगावं लागतं, तुझी बाजू, तुझे साक्षीदार ऐकावे लागतात. तुझं कुणी ऐकलं?"

"नाही, चाचा."

"मग वर अपील कर. पण मुदत असते, ती टळली की खरं माणूसही खोटं पडतं."

त्यांनी अपील लिहून दिलं. मी सही केली, पुण्याच्या वरिष्ठ कार्यालयात स्वतः नेऊन दिलं आणि पोच घेतली. सुनावणीची तारीख आली तशी माझी झोप उडाली. चौकशी झाली नाही हे सांगता येणार होतं, पण मी खोटी नाही हे कशावरून सांगणार?

सुनावणीच्या आधीच्या सोमवारी मी पूर गावच्या कुकडेश्वराच्या दर्शनाला गेले. खरं सांगायचं तर रुसून गेले. पिंडीसमोर बसले आणि म्हटलं, देवा, मला शोधता आलं तितकं शोधलं, लिहिता आलं तितकं लिहिलं. आता मी काही मागत नाही. तुला दिसेल ते कर. इतकं बोलले आणि का कोण जाणे, छातीवरचं ओझं कुणी उचलून घ्यावं तसं हलकं वाटलं.

बाहेर आले तर एक बाई पाच-सहा महिन्यांच्या बाळाला नंदीच्या पायावर घालत होती. बाळ मागे कलंडलं. माझ्या तोंडून सवयीनं गेलं, "पाठ सावर गं, पाठ सावर. ये राजा ये, असा नीट ये."

ती बाई जागच्या जागी थिजली. माझ्याकडे टक लावून म्हणाली, "बाई, ह्यो आवाज... चिंचंखाली तुमीच व्हता नव्हं?"

मी तिथेच खाली बसले. ती घाटघरची हिरा. ती सांगत होती, "ह्यांचा भाऊ टेम्पो घिऊन आला, म्हनला आईकडं चला. तुमची वाट पाह्यची व्हती, पर आमी घाबरलो. तुमचं नाव बी ठावं न्हाई." मी रडत होते, हसत होते आणि तिला काय घडलं ते सांगत होते. ऐकून घेतल्यावर ती एवढंच म्हणाली, "कदी जायचं पुण्याला?"

सुनावणीत साहेबांनी चौकशीचे कागद मागितले. ते नव्हतेच. मग त्यांनी मला बाहेर पाठवलं आणि हिराला एकटीला आत ठेवलं. व्हरांड्यात शेजारी उभ्या शेखचाचांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. नंतर मला बोलावून साहेबांनी तेच प्रश्न मला विचारले. झाड कोणतं, नवरा कुठे बसला होता, नाळ कशानं बांधली. माझी उत्तरं संपली तसे ते खुर्चीला टेकून म्हणाले, "दोघींचं एकच आहे. आणि मुख्य पुरावा टेबलावरचा पेपरवेट ओढतोय." सगळे हसले. हिराचं पोर खरंच तो काचेचा गोळा सोडत नव्हतं.

आदेश रद्द झाल्याचं पत्र आलं त्या दिवशी नवऱ्यानं सगळ्या आळीत पेढे वाटले. मी रुजू व्हायला गेले तर मस्टरवर सही करायच्या आधीच आया धावत आली, "बाई, लवकर चला, डोकं दिसतंय." मी तशीच आत गेले. मुलगी झाली. तिला हातात घेतलं आणि डोळे भरून आले.

त्या सोमवारी देवानं काय केलं, हे मला सांगता येणार नाही, आणि कुणी योगायोग म्हटलं तर मी वाद घालत नाही. मला एवढंच कळलं आहे की शरण जाणं म्हणजे हात बांधून बसणं नव्हे. अपील आपणच लिहायचं असतं, मुदतीत नेऊन द्यायचंही असतं. त्यानंतर मात्र मूठ सोडता आली पाहिजे. मला ती सोडायला त्यानंच शिकवलं, आणि रिकाम्या झालेल्या त्याच हातांत पुन्हा इतकी लेकरं दिली की मोजायचं मी कधीच सोडून दिलं आहे.