अक्कांचे रविवार

पैठणहून भाचीचा फोन आला तेव्हा मी रविवारच्या दशम्यांसाठी दुधात कणीक मळत होते. "मामी, अक्कामावशी गेली गं... झोपेतच." कणकेच्या हातानं मी तशीच उभी राहिले. चार दिवस हवापालट म्हणून त्या भाचीकडं गेल्या होत्या. मीच त्यांना एसटीत बसवून दिलं होतं, आणि खिडकीतून त्यांचं बजावणं चालू होतं, "रविवारी गोगाबाबाची टेकडी. ऊन चढायच्या आत वर पोचायचं. तू उशीर केलास तर मी एकटीच जाईन." तेवढी धमकी मात्र त्यांनी खरी केली.

अक्का म्हणजे माझी थोरली नणंद. निजामाचं राज्य संपवणाऱ्या पोलीस ॲक्शननंतर सासऱ्यांनी सिल्लोडचं बिऱ्हाड औरंगाबादला हलवलं तेव्हा त्या परकर-पोलक्यात होत्या. पहिली अक्षरं उर्दूत गिरवलेली, मराठी शाळा नंतर आली. पुढं जन्मभर मुलींच्या शाळेत भूगोल शिकवला, लग्न केलं नाही, आणि आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून स्वतःच्या दोन खोल्यांत ऐटीत राहिल्या. वर्गात हिमालय शिकवते आणि शाळेच्या खिडकीतून दिसणारी टेकडी चढलेली नाही, याची म्हणे त्यांना एक दिवस लाज वाटली. तेव्हापासून रविवार डोंगराचा. मी लग्न होऊन आले तशी आयतीच तावडीत सापडले. नऊवारी नसली तरी पाचवारीचा काष्टा मारायचा, पायात कॅनव्हासचे बूट, पिशवीत दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. गल्लीतल्या बायका पदराआड हसायच्या. "निघाली बघा पलटण छावणीकडं!" माझा दम अर्ध्या चढावर संपायचा आणि मी बसकण मारली की अक्का वरून ओरडायच्या, "चलो बेगम, तशरीफ उठाओ!" विद्यापीठामागच्या लेण्यांवरून जाणारी वाट, जवळच्याच सातारा गावातल्या खंडोबामागची पायवाट, हर्सूलकडचे माळ... सगळं असं तशरीफ उठवत उठवत मी पाहिलं. मी एकदा काश्मीरचं नाव काढलं तर म्हणाल्या, "काश्मीर कुठं पळून जातंय? आधी घराजवळचं बघून संपव." ते काही संपलं नाही.

मग त्या निवृत्त झाल्यावर काही वर्षांनी ती सकाळ आली. मी मागं रेंगाळले होते. पुढून अक्कांचा आवाज आला, "नमस्कार जोशी सर! आज लवकर निघालात?" जोशी सर रोज पांढऱ्या सदऱ्यात टेकडीवर येत. मी वळणावर पोचले आणि पाहते तो अक्का वनखात्याच्या चुना लावलेल्या खांबाशी बोलत होत्या. मी पोट धरून हसले. अक्काही हसल्या, पण जरा उशिरा. मग दगडावर टेकल्या. "मधलं दिसत नाही गं मालू. कडेकडेचं दिसतं. माणसाचा चेहरा जातो, कान तेवढे राहतात." डॉक्टरांनी सांगितलं होतं की आता सुधारणा नाही. मीही शेजारी टेकले. त्यांना काळजी वेगळीच होती. "वसंताला बोलायचं नाही. त्याला कळलं तर तो पहिल्यांदा रविवार बंद करील. आणि रविवार गेला तर मी लई लवकर म्हातारी होईन." वसंता म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ, माझे यजमान.

तेव्हापासून मी पुढं आणि अक्का मागं. मी बोलत राहायचं. दगड आहे. पायरी आहे. बाभळीची फांदी आहे, डोकं खाली. दोन-तीन रविवार त्यांनी ऐकून घेतलं, मग खेकसल्या, "तू काय स्टेशनवरची बाई आहेस का, नुसत्या सूचना देतेस? काय दिसतंय ते सांग की!" मी म्हटलं, डोंगर दिसतायत. "ते मलाही ठाऊक आहे. आज कसे दिसतायत?" आली का पंचाईत! इतकी वर्षं चढत होते, पण बघत कुठं होते? मग बघायला लागले. गवत कुठं पिवळं पडलंय, मकबऱ्याचा घुमट धुरकट आहे की लख्ख, कुणाच्या गच्चीवर मिरच्या वाळत घातल्यात. एकदा कंटाळून मी नसलेला मोर सांगितला. अक्का म्हणाल्या, "मोर असता तर तू चालता चालता सांगितला नसतास. थांबली असतीस." त्यानंतर थाप मारली नाही.

घरी मात्र आमचं नाटक छान रंगलं. आमच्याकडं आल्या की अक्का पेपर समोर धरून बसत. "अग्रलेख कसाय?" असं ह्यांनी विचारलं की म्हणत, "नेहमीचाच." पण एका संध्याकाळी ह्यांनी तीस-पस्तीस वर्षांच्या मिशा काढून टाकल्या आणि बहिणीसमोर चहाला बसले. अक्कांनी सुनेच्या बाळंतपणापासून तुरीच्या भावापर्यंत सगळं विचारलं. मिशांचं नाव नाही. ह्यांनी कप खाली ठेवला. "अक्का... माझ्याकडं बघ." मग जो स्फोट झाला तो सांगत नाही. दोघी मिळून मला फसवता, उद्यापासून डोंगर बंद, वगैरे. अक्का शांतपणे म्हणाल्या, "वसंता, डोळे गेले म्हणून पाय काढून ठेवू का? आणि मिशा काढल्यास ते बरं केलंस. चहात बुडायच्या." ह्यांना राग आवरेना आणि हसूही. डोंगर चालू राहिला. हे कधी बरोबर आले नाहीत, पण रविवारी आम्ही परतेपर्यंत फाटकाशी उभे राहून झाडांना इतकं पाणी घालायचे की मोगरा कुजून गेला.

अक्का गेल्यावर काही रविवार मी अंथरुणातच पडून काढले. परवा सकाळी हे स्वतःच बूट घालून दारात उभे. "चल."

"कुठं?"

"तुम्ही जायचात तिथं."

मी पुढं झाले. पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं. मागून हे म्हणाले, "गप्प का? तिला सांगायचीस ना?"

"अहो, तुम्हाला दिसतंय की सगळं."

"दिसतंय... तरी सांग."

मी घसा साफ केला. म्हटलं, डावीकडं गवत पिवळं पडलंय, मधे एक हिरवा पट्टा राहिलाय, आणि पलीकडं मकबरा आज अगदी... पुढचं मलाच दिसेना. डोळे भरून वाहायला लागले होते. ह्यांनी मागून येऊन माझा हात धरला.

"सावकाश," म्हणाले, "पुढं पायरी आहे."