हॅवलॉकला डाइव्ह सेंटर कसं निवडलं, आणि सुधीर पुन्हा पाण्यात कसा उतरला

तीन वर्षांपूर्वी एका बेटावर माझा नवरा, सुधीर, चाळीस मिनिटं भर समुद्रात एकटा तरंगत होता. गाइडने नवशिक्यांना आणि आम्हाला एकाच घोळक्यात स्कूबा डाइव्हला खाली नेलेलं. प्रवाहात सुधीर मागे पडला, वर आला, तर बोट कुठेच नाही! शेवटी एका मासेमारी होडीने त्याला उचललं. त्यानंतर त्याने मास्कला हातही लावला नाही.

त्यामुळे यंदा डोंबिवलीच्या घरात मी "अंदमानला जाऊ या, हॅवलॉकला" म्हणाले, तेव्हा तो म्हणाला, "जाऊ. पण आधीपासून काही बुक करायचं नाही. सेंटर डोळ्यांनी बघून ठरवू. आणि मला नाही जमलं तर मी किनाऱ्यावर बसणार. आग्रह करायचा नाही."

"नाही करणार," मी म्हटलं.

महिनाभर वागळे इस्टेटमधलं ऑफिस सुटलं की मी ठाण्यातल्या तरणतलावावर जायचे, तोही तिथे यायचा. पोहायला हरकत नव्हती त्याची.

मुंबईहून पहाटेचं विमान, पोर्ट ब्लेअरला पोचल्यावर हॅवलॉकसाठी दुपारची फेरीबोट. सीझनमध्ये जाणार असाल तर फेरीची तिकिटं विमानाबरोबरच काढा, आयत्या वेळी मिळत नाहीत. हॅवलॉकला उतरून गोविंदनगरच्या बाजारात पोटभर मच्छी-भात खाल्ला, भाड्याने स्कूटर घेतली आणि सेंटरं बघायला निघालो.

पहिलं सेंटर एकदम चकाचक. काउंटरवरचा माणूस आम्हाला साठ-साठ डाइव्हचा अनुभव आहे ऐकून खूश झाला. "फिर तो आप हमको सिखाओगे! कल सुबह सात बजे आ जाओ."

शेवटची डाइव्ह कधी केली, हे त्याने विचारलंच नाही. मी विचारलं, एका गाइडबरोबर किती जण? "आठ-दस. सब एक्सपर्ट." अपघात झाला तर लागणारा बोटीवरचा ऑक्सिजन दाखवाल का? त्याने एका कपाटाकडे बोट दाखवलं. कपाटाला कुलूप होतं आणि किल्ली कुणाकडे आहे ते त्यालाही ठाऊक नव्हतं.

बाहेर आल्यावर सुधीर म्हणाला, "असंच होतं तिथे. अगदी असंच."

दुसरं सेंटर म्हणजे पत्र्याची शेड. पण पाण्याखाली श्वास घ्यायचे रेग्युलेटर धुऊन ओळीत टांगलेले, आणि ऑक्सिजनची पेटी समोर उघडी. सेंटर चालवणारी अनिता मूळची मंगळूरची, पस्तिशीची असेल. तिचा पहिलाच प्रश्न, "आखरी डाइव्ह कब?"

"तीन साल," सुधीर म्हणाला.

"तो कल गहरा नहीं. पहले दस मीटर, मेरे साथ."

सुधीरचा चेहरा पडला. "मैंने साठ डाइव्ह किए हैं."

"हां. लेकिन तीन साल पहले."

मला वाटलं, आता हा उठतो. पण त्याने तिला तो सगळा दिवस सांगितला. त्याच्या आईलाही त्याने तो कधी सांगितला नव्हता. अनिताने सगळं ऐकून घेतलं. मग गुंडाळलेला एक लांबट नारंगी फुगा त्याच्यापुढे ठेवला. खालून हवा भरून वर सोडला की बोटीला आपली जागा कळते. "ये आपके पास रहेगा. ग्रुप में चार लोग, बस."

दोन डाइव्हचे साडेसहा हजार, पहिल्या सेंटरपेक्षा थोडे जास्तच. आम्ही लगेच हो म्हटलं.

दुसऱ्या दिवशी चार मीटरवर सुधीरने 'ठीक नाही'ची खूण केली आणि वर गेला. अनिता त्याच्यासोबत, मी मागोमाग. त्याला धाप लागलेली. "आज इतना भी बहुत है," ती म्हणाली. तो पाठीवर तरंगत राहिला. आग्रह करणार नाही म्हटलं होतं, म्हणून मी नुसती माझ्या मास्कची काच पुसत राहिले! मग त्यानेच मास्क चढवला. "चला. पुन्हा खाली."

अडतीस मिनिटं खाली होतो आम्ही.

तिसऱ्या दिवशी तासभर बोटीने, अठ्ठावीस मीटर खोलीवरच्या खडकापर्यंत. पिवळ्या माशांची अख्खी भिंत आमच्यापुढून सरकली. कपारीत स्कूटरएवढा एक गोब्रा मासा जबडा हलवत बसलेला. वर येताना मात्र प्रवाहाने जोर धरला आणि ज्याला धरून वर यायचं तो बोटीचा दोर दूर राहिला. अनिताने सुधीरकडे बोट दाखवलं: फुगा.

त्याने तो उलगडला, हवा भरली, सोडला. नारंगी रेघ सरळ वर गेली. अंगात साठलेला नायट्रोजन निघून जावा म्हणून पाच मीटरवर तीन मिनिटं थांबायचं असतं. तेवढा वेळ फुग्याचा दोर त्याच्या मुठीत ताठ होता. डोकं बाहेर काढलं तर बोट आमच्याकडेच वळत होती.

"अगं, आली बघ! आली!" सुधीर असा ओरडला की बोटवालाही हसला. मी हसतही होते, रडतही होते. मास्कमध्ये काय फरक पडतो!

उरलेला नायट्रोजन विमानात त्रास देऊ नये म्हणून परतीच्या विमानाआधीचा एक पूर्ण दिवस डाइव्ह न करता ठेवा. आम्ही तो समुद्रकिनारी लोळून काढला.

घरी येऊन आठवडा झाला असेल. कळव्याच्या मैत्रिणीचा फोन आला, तिला हॅवलॉकला जायचंय, सेंटर कोणतं निवडू? एरवी डाइव्हिंगचा विषय निघाला की सुधीर चहा टाकायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात जायचा. त्या दिवशी त्याने माझ्या हातातून फोन घेतला, आणि अर्धा तास तोच बोलत होता. चहा मी केला.